बाजार उठतो कधी?

ती घटना आजही आठवली की मला माणसांच्या आधी वेळ आठवते. सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी स्वतःच्या हाताने डायरीत लिहिली होती, खाली रेघसुद्धा मारली होती, आणि तरी पुढचे सात दिवस ती मला दिसली नाही. नोकरीत मी बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याइतका मी नम्र नाही. हा गुन्हा मात्र मी उघडकीस आणला असं म्हणताना जीभ थोडी अडखळते.

गडचिरोलीला बदली झाली असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जंगल आणि बंदूक येते. माझ्या वाट्याला कॅल्क्युलेटर आला. मी जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. पतसंस्था, बनावट कर्जं, दामदुप्पट, असली प्रकरणं. मी मूळचा चिमूरचा, त्यामुळे इकडची बोली आणि इकडची माणसं मला चांगली कळतात अशी माझी समजूत होती. ती बऱ्यापैकी खरीही होती.

मे महिना होता. तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला होता. एका जुन्या प्रकरणाचे जबाब घ्यायला मी एटापल्लीला गेलो होतो आणि ठाण्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. ओळखीचा एक वनरक्षक आला, शेजारी टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “साहेब, तो चारोळीवाला चाचा काई तरी करून राह्यला. बाया पैसे बँकेत नाई टाकत आता. त्याच्या दुकानात जाते. अन् दर महिन्याले त्याच्याच गल्ल्यावरून पाकिटं घेऊन येते.”

“किती बाया?”

“माह्या बीटमधल्या चार गावच्या तर पुऱ्याच म्हणा.”

खबर देणारा काय सांगतो यापेक्षा काऊन, म्हणजे का, सांगतो हे आधी बघावं, असं मला माझ्या पहिल्या ठाणेदारांनी शिकवलं होतं. याची बायकोही पैसे टाकून बसली होती. म्हणजे खबर पोटातून आलेली होती. मी ती पक्की धरली. चूक एवढीच केली, की खबरीतल्या माणसालाही गुन्हेगार म्हणून पक्कं धरलं.

आता हे चाचा कोण ते सांगतो. नाव घेत नाही. साठी ओलांडलेले, एटापल्लीतच जन्मलेले, बापापासून चारोळी, मोहफूल, डिंक, हिरडा यांचा व्यापार. आठवडी बाजारात चिंचेखाली पोतं अंथरून, तराजू लावून बसायचे. चंद्रपूरला काय भाव आहे, नागपूरला काय आहे हे फोनवर विचारायचे, वाटखर्च वजा करायचे आणि मग इथला भाव बोलायचे. फरकावर पोट. पण आसपासच्या माडिया बायांचा त्यांच्यावर असा विश्वास होता की एखाद्या बाजारी चाचांकडे रोकड कमी असली, तर बाया चारोळी ठेवून जायच्या आणि पैसे पुढच्या बाजारी न्यायच्या. चिठ्ठी नाही, सही नाही. त्या मुलखात माणसाची किंमत यावरून ठरते. ज्याच्या पोत्यावर बाई माल ठेवून रिकाम्या हाताने घरी जाते, तो व्यापारी. बाकीचे नुसते खरेदीदार.

पुढच्या आठवडी बाजारी मी साध्या वेशात गेलो. बाजार उठायला लागला, बाया टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या, तशा त्यांतल्या पंधरा-वीस चाचांच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत शिरल्या. त्यांच्या मागे मीही शिरलो. तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, मुन्शी आहे असं सांगितलं आणि मागच्या बाकावर बसलो. समोर भिंतीवर दोन मोठे टीव्ही. दोन्हींवर शेअरचे भाव, आकडे हिरवे-लाल होत सरकत होते. मध्ये पस्तिशीचा एक हसतमुख माणूस. त्याला सगळे ‘सर’ म्हणायचे, कारण आधी तो स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवायचा.

शिकवण्यात तो पटाईत होता, हे मान्य करायलाच हवं. म्हणाला, “बाई, तुम्ही मोहफूल इथी विकता. तेच चंद्रपूरले जास्त भावानं जाते, का नाई? मधला फरक कोणाच्या खिशात जाते?” बाया हसल्या. सर म्हणाला, “शेअरचेही असेच दोन बाजार आहेत. दोन्ही आपल्याच देशातले. एकच शेअर इकडे शंभर रुपयाले, तिकडे शंभर रुपये वीस पैशाले. इकडे घेतला, त्याच घडीले तिकडे विकला. माल उचलाचा नाई, गाडी लागत नाई, पाऊस भिजवत नाई. वीस पैसे आपले.” मग त्याने एका बाईच्या हाताने बटण दाबवलं. पडद्यावर फरक हिरवा झाला आणि नफा म्हणून आकडा उमटला. शंभराला महिन्याचे पाच रुपये देणार, मुद्दल कधीही परत.

मी तिथे बसून एका सिमेंट कंपनीच्या शेअरचे दोन्ही पडद्यांवरचे भाव टिपून घेतले आणि बाजूला वेळ लिहिली. सहा वाजून दहा मिनिटं. शिस्तीचा भाग म्हणून लिहिली. खरं सांगायचं तर मी थोडा भारावलोही होतो. निवृत्तीला काही वर्षं उरली होती आणि शंभराला पाच रुपये हा आकडा माझ्याही मनात घोळून गेला.

गडचिरोलीत परतल्यावर माझ्या ओळखीच्या एका सनदी लेखापालांना विचारलं. ते म्हणाले, “असा व्यवहार असतो. पूर्ण कायदेशीर आहे. फरकावर नफा कमावणं गुन्हा ठरवलात, तर तुमच्या एटापल्लीचा अख्खा बाजार आत टाकावा लागेल.” झालं. तक्रारदार कोणी नाही, सगळ्यांना वेळेवर पैसे मिळतात, धंदा कायद्यात बसतो. तक्रार नसताना आर्थिक गुन्ह्याला हात घालणं म्हणजे अंधारात मांजर धरणं. वरिष्ठ म्हणाले, “वाट पाहा, बुडाले की येतील.”

वाट पाहायला माझ्याकडे वेळ नव्हता. तेंदूपत्त्याची मजुरी पुढच्या आठवड्यात वाटली जाणार होती. भर उन्हात महिनाभर पानं तोडून, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून कमावलेला पैसा. वर्षाचा मोठा पैसा तोच. आणि सरने जाहीर करून ठेवलं होतं, की या वाटपाच्या वेळी जे टाकतील त्यांना शंभराला सात. एका गावच्या बचत गटाची अध्यक्ष बाई, गावात तिला मोठी बाई म्हणायचे, तिने गटाचा आधीचा पैसा टाकला होताच. आता गटातल्या सगळ्यांची मजुरी ती घेऊन येणार होती.

मी ठरवलं की मुळाला हात घालायचा. आणि मूळ म्हणजे चाचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खोली त्यांची, पाकिटं त्यांच्या गल्ल्यावरून, विश्वास त्यांच्यावरचा. सर हा नुसता पुढे उभा केलेला बोलका पोपट असणार.

पुढच्या बाजारी मी गणवेशात गेलो, ऐन भरात, दुपारी. जीप सरळ चिंचेपर्यंत नेली. चाचा मोठ्या बाईचीच चारोळी मोजत होते. अर्धी तराजूत, अर्धी टोपलीत.

“चला, ठाण्यात. चौकशी आहे.”

ते वर बघून म्हणाले, “साहेब, बाजार उठू द्या. मंग मी पायी येतो.”

“आत्ता.”

चाचांनी तराजू खाली ठेवला. मोठ्या बाईने पारड्यातली चारोळी टोपलीत परत ओतून घेतली. आजूबाजूच्या बायाही एकेक करून आपापल्या टोपल्या मागे ओढू लागल्या. मी ते पाहिलं. तेव्हा मला वाटलं, चला, बाया सावध झाल्या, चांगलंच झालं. आज ते आठवलं की मला लाज वाटते.

ठाण्यात चाचांनी एकही उत्तर टाळलं नाही. खोली भाड्याने दिली होती. भाडं किती, कधीपासून, सगळं सांगितलं. पाकिटं सर आणून द्यायचा, वर नावं लिहिलेली, बाया त्यांच्याकडे येतच असत म्हणून ते देत. त्याचा एक पैसा घेत नव्हते.

“आत काय चालतं हे कधी जाऊन पाहिलं नाही? तुमच्या भिंतीला भिंत लागून!”

“नाई साहेब. त्या टायमाले मी उठत्या बाजारात राहतो.”

मला हे कारण लंगडं वाटलं. मी म्हणालो, एकदाही सवड मिळाली नाही? तेव्हा त्यांनी मला समजावलं. बाजार भरतो तेव्हा कोणी घाईत नसतं. बाजार उठायला लागला की बाईला घरी जायचं असतं, डोक्यावर माल परत न्यायचा नसतो, तेव्हा भाव उतरतो. व्यापाऱ्याची खरी कमाई त्याच तासाभरात. “तो घंटा चुकला का माहा आठवडा गेला, साहेब. घरी मयत झाली तरी मी त्या टायमाले चिंचेखालीच असतो.”

मी विश्वास ठेवला नाही. संशयित फार सुसंगत बोलू लागला की पोलिसाला खाज सुटते. समोरासमोर बसवल्यावर कोण कोणाकडे बघतो ते कळतं, म्हणून मी सरलाही बोलावून घेतलं. तो मोटारसायकलवरून फाइल घेऊन स्वतःहून आला. घाबरलेला अजिबात नव्हता. खुर्ची ओढून बसला आणि मला विचारलं, “साहेब, दोन बाजारातल्या फरकावर नफा घेणं गुन्हा आहे का?”

मला नाही म्हणावं लागलं.

मग त्याने पुन्हा सगळा पाठ म्हटला. इकडे शंभर, तिकडे शंभर वीस. चाचा हे पहिल्यांदाच ऐकत होते. मान हलवत, नीट लक्ष देऊन ऐकत होते, नव्या मुलखातल्या व्यापाऱ्याचं ऐकावं तसे. सरचं बोलून झाल्यावर ते मला म्हणाले, “साहेब, मले एक बात पुसाची होती यायले. पुसू का?”

मी हात केला, विचारा.

“सर, हा तुमचा बाजार उठते कवा?”

कुठल्याही नव्या बाजारात गेल्यावर हे लोक सर्वांत आधी हेच विचारतात. भाव नंतर. आणि सर शेवटी मास्तरच. प्रश्न आला की बरोबर उत्तर द्यायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. तो हसून म्हणाला, “चाचा, सकाळी सव्वानऊले भरते अन् दुपारी साडेतीनले उठते. दोन्ही बाजार एकाच टायमाले.”

चाचांनी मान हलवली. मग म्हणाले, “आपला बाजार तर सांज पडता उठते. बाया त्याच्या मंग येते तुमच्याकडे. त्यायले तुम्ही कोणता बाजार दाखवता?”

सरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे फाइलकडे गेले. मी माझी डायरी उघडली. सिमेंट कंपनी, पहिला भाव, दुसरा भाव, सहा वाजून दहा मिनिटं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. लेखापालांना विचारलं, वरिष्ठांना विचारलं, आणि उत्तर सात दिवस माझ्याच खिशात होतं. उठलेल्या बाजारात भाव हलत नसतात, हे एटापल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या खोलीत आम्ही दोन पदवीधर होतो. एकाने ते लपवलं, दुसऱ्याला ते सुचलं नाही.

सर म्हणाला, “परदेशातले बाजार पण असतात, साहेब.”

मी डायरी त्याच्यासमोर सरकवली. “ही कंपनी परदेशातली आहे?”

त्याने फाइल मिटून मांडीवर घेतली.

पुढचं काम सरळ होतं. पंच बोलावले, खोलीची झडती घेतली, पंचनामा केला. दोन्ही टीव्हींच्या मागे एकच लॅपटॉप निघाला. त्यातला प्रोग्राम आपल्या मनाने आकडे हलवायचा. इंटरनेटची जोडणी काढून टाकली तरी भाव पळतच होते, आणि बाईने बटण दाबलं की फरक हिरवा व्हायचाच. सरच्या नावावर शेअरचं एक खातं होतं, पण त्यात वर्षभर व्यवहार नव्हता. फसवणुकीचा आणि ठेवीदार संरक्षण कायद्याखालचा गुन्हा दाखल केला, बँक खाती त्याच दिवशी गोठवली. तेंदूच्या मजुरीची वाट बघत तो थांबला होता, म्हणून बराच पैसा खात्यात शिल्लक होता. मजुरी वाटून झाली असती तर चार दिवसांत तो पसार झाला असता. गाडीचं बुकिंगही सापडलं.

कोठडीतल्या तिसऱ्या दिवशी तो बोलला. मारहाण नाही, दमदाटी नाही. मास्तर माणसाला बोलतं करायला त्याला एक शंका विचारावी लागते. मी विचारलं, “फरक खरोखर असतो, तर खरा धंदा काऊन नाही केला?”

तो म्हणाला, “केला ना साहेब. पह्यले सहा महिने खराच केला. फरक दिसते, पण आपण बटण दाबेपर्यंत मोठ्या कंपन्यायच्या मशिनी तो खाऊन टाकते. उरला त्यात दलाली जाते, कर जाते. क्लासमधल्या दोन पोरींच्या आयांनी पैसे दिले होते. बुडाले म्हणाची लाज वाटली, म्हणून माह्या खिशातून नफा दिला. त्यायनं आणखी चार जणी आणल्या.” मग तो म्हणाला, “चाचाले मी कधीच आत नाई बोलावलं. मले माहीत होतं, तो पुसन.”

मला त्या माणसाची दया आली नाही. लाजेपोटी सुरू केलेली चोरी ही चोरीच असते. पण त्याचं शेवटचं वाक्य मी जबाबात जसंच्या तसं लिहून घेतलं. चाचांच्या निर्दोषपणाचा त्याहून मोठा पुरावा मला मिळाला नसता.

कागदावर चाचा सुटले. मूळ प्रश्न मात्र कागदावरचा नव्हताच. भर बाजारात, पोलीस जीपमधून, तराजू अर्ध्यावर सोडून त्यांना मी नेलं होतं. बायांनी एवढंच पाहिलं होतं. जबाब कोण वाचतं? त्याच संध्याकाळी ठाण्यातून घरी सोडताना मी त्यांना म्हणालो, “चाचा, माझं चुकलं.” ते म्हणाले, “तुमची तर ड्युटी होती साहेब. पण माहा बाजार उठला.” आणि माझ्याकडे न बघता आत गेले. त्यानंतरच्या बाजारी त्यांच्या पोत्यावर एक टोपलीही उतरली नाही, असं त्या वनरक्षकानेच मला फोन करून कळवलं. त्याच्याही आवाजात अपराधीपणा होता.

पोलिसाने चुकून एखाद्याला ठाण्यात नेलं तर त्याची भरपाई कशी करायची, याचं कुठलंही परिपत्रक नाही. मी पुढच्या बाजारी रजा टाकली, पण गणवेश घातला. नियमात बसतं का? बसत नाही. जीप दूर उभी केली, चालत चिंचेखाली गेलो आणि चाचांच्या पोत्याच्या कडेला, जमिनीवर मांडी घालून बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तराजूची दोरी नीट करत राहिले.

दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. बाया येत होत्या, बघत होत्या, पुढे जात होत्या. काही थोड्या अंतरावर उभ्या राहून आपसांत माडियात बोलायच्या. मला गणवेशात घाम फुटला होता, पण उठायचं नाही असं मी ठरवलं होतं. ज्या जागेवरून मी त्यांना उठवलं, त्या जागेवर सगळ्यांना दिसेल असं बसून राहणं, एवढंच माझ्या हातात होतं. चाचा मध्येच एकदा म्हणाले, “साहेब, तुम्ही जा. काई होत नाई यानं.” मी म्हणालो, “बाजार उठल्यावर जाईन.”

उन्हं कलली. शेजारचे व्यापारी पोती शिवायला लागले. तेव्हा मोठी बाई आली. तिच्या गटाचा पैसा अजून कोर्टाच्या हुकमाची वाट बघत गोठलेला होता. तो पुढे बराचसा परत मिळाला, पण त्या दिवशी तिला ते माहीत नव्हतं. ती समोर उभी राहिली आणि मला म्हणाली, “तू याले नेलं होतं ना?”

“हो बाई.”

“आता कायले आला?”

मी म्हणालो, “चूक माझी होती बाई. यांनीच तो सर पकडून दिला. तुमची मजुरी यांच्यामुळे वाचली.”

ती चाचांकडे वळली. “खरं हाय?”

चाचा म्हणाले, “मी काई नाई केलं. बाजार कवा उठते एवढंच पुसलं.”

तिने डोक्यावरची टोपली खाली उतरवून पोत्यावर ठेवली. चाचांनी चारोळी मोजली आणि भाव बोलले. तो उठत्या बाजाराचा भाव नव्हता, दुपारचा भरल्या बाजाराचा होता. मी इतका वेळ बसून आजूबाजूचे सगळे भाव ऐकले होते, म्हणून मला ते कळलं. तिलाही कळलं.

“हिल्ले,” ती म्हणाली. माडियात हिल्ले म्हणजे नाही. मला वाटलं, संपलं.

चाचांनी खिशात हात घातला होता, तो तिने हातानेच थांबवला. “आज नको. पैसे पुढच्या बाजारी नेतो.” आणि रिकामी टोपली काखेत मारून ती निघून गेली. मागे उभ्या असलेल्या चौघी-पाच जणींनी ते पाहिलं, आणि एकेक करून त्याही पोत्याकडे सरकल्या. चाचा मान खाली घालून मोजत राहिले. तराजूचा काटा काही केल्या स्थिर होत नव्हता.

मी आता निवृत्त आहे. लोक मोबाइल पुढे करून विचारतात, साहेब, ही योजना खरी की खोटी? दोन बाजारांत फरक असतो का? मी सांगतो, असतो. तो पकडून पोट भरणारी प्रामाणिक माणसं मी पाहिली आहेत. पण तुम्हाला कोणी तो दाखवत असेल, तर आधी विचारा की हा बाजार उठतो कधी, आणि उत्तर मिळाल्यावर आपलं घड्याळ बघा. हा झाला लोकांसाठीचा धडा. माझ्यासाठीचा वेगळा आहे, आणि तो मी नव्या अधिकाऱ्यांना आवर्जून सांगत आलो. पुरावा नसताना माणसाला ठाण्यात नेणं तुमच्या अधिकारात येतं. मात्र तो जर तराजू धरून बसला असेल आणि म्हणत असेल की बाजार उठू द्या, मग मी पायी येतो, तर त्याला तेवढा वेळ द्या. तो पायी येतोच.